आकडा एक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझी मावसबहीण क्षिप्रा खोटं बोलत नाही, आणि घाबरत तर त्याहून नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या मे महिन्यातली, रविवारची भर दुपार. जासईचं एक कंटेनर यार्ड.

तिथल्या एका शेडमध्ये मालाची कीड मारायला विषारी गॅस सोडतात. आत जाणारा गेटच्या मशीनवर कार्ड मारतो, बाहेर येताना पुन्हा मारतो. आत किती माणसं आहेत ते स्क्रीनवर दिसतं. आकडा शून्य झाल्याशिवाय गॅस सुटत नाही.

त्या दिवशी आकडा एकावर अडला. म्हणून यार्डाचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या क्षिप्राला नेरूळहून बोलावलं.

सुपरवायझर मानसिंग, साताऱ्याकडचा, केबिनच्या दारातच उभा होता.

"म्याडम, शेड रिकामी हाय. मघाशी लाईट गेली, तवापास्नं ह्यो एक काय जाईना. गॅसवाला ताटकळलाय."

क्षिप्राने कोड उघडला. आधीच्या प्रोग्रामरने कार्डांच्या नोंदींचं टेबल बनवताना, त्या कशा साठवायच्या हे ठरवणाऱ्या 'इंजिन'च्या जागी एकच शब्द लिहिला होता... मेमरी.

तिने कपाळावर हात मारला. त्या शहाण्याला वाटलं असेल, मेमरी म्हणजे आठवण, म्हणजे पक्कं लक्षात राहील. खरं तर उलटं असतं. सर्व्हर बंद पडून चालू झाला की असलं टेबल सगळं विसरतं. रिकामी चौकट तेवढी उरते.

मग लाईट गेल्यावर हा एक उरला कसा?

तिने नाव पाहिलं. सयाजी. आत आल्याची वेळ... कोरी.

तिने सर्व्हर बंद करून चालू केला. आकडा शून्य झाला.

आणि गेटचं मशीन वाजलं... टीं.

खिडकीतून गेट समोर दिसत होतं. तिथे कोणीच नव्हतं.

आकडा एक. सयाजी.

मानसिंगने वाकून स्क्रीनवरचं नाव वाचलं.

"सयाजी गेला, म्याडम. दोन वर्सं झाली. ह्याच शेडमंदी. तवाबी लाईट गेलती. आकडा शून्य दावत हुता, म्हनून गॅस सोडला."

क्षिप्राने पुन्हा कोडकडे पाहिलं... मेमरी. त्या एका शब्दाने माणूस खाल्ला होता.

"पुसून टाका," मानसिंग म्हणाला. "वरनं फोनावर फोन येत्यात."

"नाही पुसणार."

"मेलेल्या मानसापायी काम थांबवू व्हय? तुमची नोकरी जाईल, माजीबी."

"गेली तर जाऊ दे. तेव्हा शून्यावर विश्वास ठेवलात ना? आज एक म्हणतोय तर एक. दार उघडा."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी मानसिंगने चावी काढली.

पोत्यांच्या थप्पीमागे दत्तू पडला होता. नुकताच कामाला लागलेला हमाल, तापाने फणफणलेला. लाईट जायच्या आधीच तो कार्ड मारून आत आला होता. लाईट गेली आणि त्याची नोंद पुसली गेली.

पाणी पाजल्यावर तो पुटपुटला, "एक मामा आलते. म्हनले, तू पड. तुजं कार्ड आता दिसंना. मी माजं मारून येतो."

संध्याकाळीच क्षिप्राने तो शब्द बदलला. इनोडीबी लिहिलं, म्हणजे आता लाईट गेली तरी आतला माणूस आतच दिसतो. सयाजीची ओळ काढा म्हणून वरून किती दम दिले. तिने काढली नाही. त्याने बाहेर पडताना कार्ड मारलेलं नाही, म्हणजे तो आत आहे, एवढंच ती म्हणायची. मग शेडमध्ये दर वेळी आकडा एक यायचा, दर वेळी दार उघडून बघावं लागायचं, आणि मगच क्षिप्रा तिकडून गॅस सोडू द्यायची.

परवा मानसिंगचा फोन आला.

"म्याडम... आकडा शून्य."

ओळ कोणी पुसली नव्हती. सयाजीच्या नावापुढे बाहेर पडल्याची वेळ आली होती.

"सोडू का गॅस?"

"नाही. तो नसला म्हणून काय झालं? प्रत्येक पोतं हलवून बघा. मी येतेय."

आत कोणी सापडलं नाही. पण स्क्रीनवर शून्य दिसलं की क्षिप्राचे हात अजून गार पडतात.