आडव्या बाटल्या

लिफ्ट तपासणारी माणसं स्वतः जिन्याने जातात, ही गोष्ट लिफ्टच्या कंपन्या जाहिरातीत सांगत नाहीत. ती सातव्या मजल्यावर राहायची आणि सातही मजले पायांनी चढायची. नऊ वर्षं लोखंडी दोर, ब्रेक आणि दारं तपासून जगाबद्दल तिचं एक ठाम मत झालं होतं: जे उभं आहे ते कधीतरी पडणार. मामा तिला काळजीबाई म्हणायचा. तिला ते नाव आवडत नसे, पण आपण रागावलो तर मामाला वाईट वाटेल, या काळजीने ती गप्प बसे.

त्या शुक्रवारी एका पाच मजली इमारतीची लिफ्ट तपासायची होती. दारावर ‘चाचणी चालू आहे’ अशी पाटी लावून ती आत शिरली, आणि दार मिटता मिटता एक गृहस्थ आत घुसले. छातीशी एक बाटली, तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरलेली.

“पाटी वाचता येत नाही का?”

“येते. हात गुंतलेत म्हणून वाचली नाही.”

“वाचायला हात लागत नाहीत.”

“मला लागतात. चष्मा खिशात आहे.”

ती हसली नाही. ब्रेकच्या चाचणीत हसायचं नसतं. तिने बटण दाबलं, आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट धाडकन थांबली. गृहस्थांचा चेहरा खडूसारखा झाला. बाटली मात्र हलली नाही.

“घाबरू नका, मीच थांबवली. आणि ती बाटली आडवी धरा. पडली तर फुटेल.”

“आडवी?” बाळाला उलटं टांगायला सांगितल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “अहो, सिंगल माल्ट व्हिस्की आहे. वाइन आडवी ठेवतात, ही उभी. ही कडक असते. आडवी ठेवली की बूच खाते. आधी बूच मऊ पडतं, मग तुकडे, मग गळती, आणि चवीचा बोऱ्या तो वेगळाच.”

तिने टॉर्च बंद केला.

“आणि... आठ महिने आडवी राहिली तर?”

“कोण गाढव ठेवेल आठ महिने?”

ती लिफ्टच्या फरशीवर मटकन खाली बसली.

“मी,” ती म्हणाली.

गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. पाचव्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे त्यांना धंद्यानेच शिकवलं होतं. तेही खाली बसले (बाटली उभीच) आणि मऊ आवाजात म्हणाले, “किती आहेत?”

“बत्तीस...”

दातही तेवढेच असतात. डॉक्टरांना एकदम आपलेपणा वाटला.

बाटल्या मामाच्या. मामा जहाजावर इंजिनियर. आईवडील गेल्यावर मामा-मामीनेच तिला वाढवलं. तीस वर्षं बंदराबंदरांतून त्याने एकेक बाटली आणली. एकाच भट्टीत गाळलेली, मोड आलेल्या जवाची, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. इंजिनातल्या तेलाची पातळी मोजायची सवय, म्हणून प्रत्येक लेबलावर बारीक पेनाने पातळीची रेघ मारलेली. शेवटच्या सफरीवर निघताना तो म्हणाला होता, “काळजीबाई, फक्त लक्ष ठेव.” फक्त लक्ष ठेवणं हे तिला कसं जमावं? समोरून ट्रक गेला की बाटल्यांचं कपाट किणकिणायचं. तिसऱ्या दिवशी तिने बत्तीसच्या बत्तीस बाटल्या रजईत आडव्या निजवल्या आणि आठ महिने शांत झोपली.

आणि परवा, रविवारी, मामा कायमचा घरी येणार होता.

“त्यातली एक...” ती म्हणाली. “मामीने घेतलेली आहे. गळ्यात तिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. ‘कायमचा घरी आलास की उघडू. तोवर हात लावायचा नाही.’ मामी तीन वर्षांपूर्वी गेली.”

डॉक्टरांनी खिशातून चष्मा काढून घातला आणि तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“उद्या सकाळी येऊ? माझ्याकडे जुनी बुचं आहेत. बाटली संपली की आम्ही शौकीन बूच जपून ठेवतो, दुसरीचं मोडलं तर लावायला. लोक हसतात. मी लोकांचे पडलेले दातही जपतो, त्यामुळे मला सवय आहे.”

शनिवारी ते हत्यारांची पिशवी आणि बुचांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. एकेक बाटली उजेडात धरून पातळी आणि रेघ जुळवत गेले. ती मागे उभी राहून श्वास मोजत होती. “ठीक... ही ठीक... ही जरा रडली आहे, पण जगेल...” असं करत एकतीस झाल्या.

बत्तिसावी मामीची. व्हिस्की रेघेच्या चक्क दोन बोटं खाली. तोंडाभोवती वायरला लावतात तसली काळी चिकटपट्टी.

“ही पट्टी?”

“मामाने लावली असेल. इंजिनियर ना... मजबुतीसाठी.” तिचे डोळे भरले. “दोन बोटं... माझ्यामुळे.”

“बूच आतून विरघळतंय. तुकडे तरंगताहेत. आज काढलं नाही तर सगळी बाटली जाईल.”

“काढलं तर उघडली असं होईल.”

“हो.”

हात लावायचा नाही, असं लिहिलं होतं. चिठ्ठी तिच्याकडे बघत होती. ती चिठ्ठीकडे. डॉक्टर घाई करत नव्हते. दाढ काढायची की नाही, हे शेवटी ज्याची दाढ त्यानेच ठरवायचं असतं.

“काढा,” ती डोळे मिटून म्हणाली. “मामाला मी सांगेन.”

मोडलेल्या दाढेचं मूळ काढायच्या आकड्याने त्यांनी एकेक तुकडा उचलला. व्हिस्की कॉफीच्या गाळणकागदातून थेंबथेंब गाळली. मग तिचा हात हातात घेतला – अगदी डॉक्टरी पद्धतीने, म्हणजे तिला तसं वाटावं म्हणून – आणि तळव्यावर दोन थेंब टाकले.

“चोळा. आता वास घ्या. काय येतं?”

“धूर... ओलं लाकूड... मशिनरूम!”

“मशिनरूम?”

“जुन्या लिफ्टची. तेल, गरम तार, धूळ. मला आवडतो तो वास.” ती लाजली. “कोणाला सांगू नका.”

“आयुष्यात असं वर्णन ऐकलं नव्हतं,” डॉक्टर म्हणाले. हात सोडायचं ते विसरले होते. तीही आठवण करून द्यायचं विसरली.

डब्यातलं एक बूच नेमकं बसलं.

“हे दवाखाना उघडला त्या दिवसाचं.”

“अहो, मग आठवणीचं आहे...”

“बाटलीत नसेल तर बुचाला नोकरी काय?” ते निघाले. दारात थांबले. “उद्या... मी येऊ?”

“नको. ओरडा खायला साक्षीदार नको.”

रविवारी चार वाजता मामा आला. बॅगाही न ठेवता कपाटापाशी गेला. तिने आदल्या रात्री पाठ केलेलं सगळं भाषण विसरून एका दमात सांगून टाकलं: रजई, ट्रक, बूच, आकडा. “आणि मामा, दोन बोटं कमी झाली. मामीची आठवण... मी सांडली रे.”

मामाने बाटली उचलली. रेघेवरून अंगठा फिरवला.

“ती काळी पट्टी कुठाय?”

“टाकून दिली... तुझी होती ना?”

“बाटलीला वायरची पट्टी लावण्याइतका मी वेडा आहे का?” मामाच्या मिशा हलायला लागल्या. “तुझ्या मामीची होती. माझ्या मागे दोन बोटं प्यायली आणि पट्टी लावून ठेवली. वर मलाच चिठ्ठी – हात लावायचा नाही! त्या सफरीवरून घरी आलो आणि बघताक्षणी ओळखलं.”

“मग विचारलं नाहीस?”

“विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं. आणि ते तिला बाटली बंद करण्याइतकंही जमत नव्हतं.”

मामा हसला, आणि हसता हसता डोळे पुसू लागला. तीही. इतक्यात बेल वाजली.

दारात डॉक्टर. “माझा आकडा इथे राहिला.”

“तो तुमच्या खिशातून दिसतोय,” ती म्हणाली.

“अरे हो...” डॉक्टर गोरेमोरे झाले.

“बूच काढणारे हेच का?” मामाने त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. “आमच्याकडे बूच काढणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा असतो. बसा. सात मजले चढून आलात?”

“नाही, लिफ्टने आलो. आत प्रमाणपत्र आहे, त्यावर यांची सही आहे.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “मग भीती कसली?”

त्या सहीवर अख्खी इमारत विश्वास ठेवून वर-खाली करत होती. एक तीच सोडून.

पहिला घोट डॉक्टरांनी घेतला, दुसरा मामाने. तिने थेंबभर पाणी घालून जिभेला लावली आणि मशिनरूम घशाखाली उतरली. उजेड होता तोवर गप्पा झाल्या. डॉक्टर उठले तशी ती म्हणाली, “खाली सोडते.”

मामा बाटलीला बूच लावत होता. “जिन्याने?” त्याने वर न बघता विचारलं.

ती लिफ्टमध्ये शिरली, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून. दार मिटलं. सहा... पाच... चौथ्याच्या खाली तिने एक हात सोडला आणि लाल बटण दाबलं.

“काय झालं?” डॉक्टर खडूसारखे झाले.

“काही नाही. मला... एक सांगायचंय. आणि खाली पोचेपर्यंत माझा धीर टिकला नसता.” तिने श्वास घेतला. “तुम्ही मला आवडता. आता मला काळजी आहे, की तुम्ही...”

“मीही,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “आकडा मुद्दाम खिशात ठेवला होता.”

“ते कळलं होतं मला.”

“मग विचारलं का नाहीत?”

“तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं ना...”

तिचा दुसरा हात कठड्यावरून कधी सुटला आणि कुठे जाऊन थांबला, हे दोघांनाही कळलं नाही. भिंतीतला स्पीकर खरखरला. वॉचमनकाका होते.

“कोण आहे आत? ताई, तुम्ही? लिफ्टमध्ये? बंद पडली की काय?”

तिने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

“नाही हो काका,” ती म्हणाली. “चाचणी चालू आहे.”