‘सोड’ म्हणायचं नाही

बाबांचा दोर परत आणायचा, एवढ्याचसाठी तिघं पहाटे निघाले.

दोर म्हणजे साधासुधा नाही. अंगठ्याएवढा जाड, आणि त्याला हाताहातावर लोंबणारे गळ. बाबांनी तो स्वतः वळलेला, जन्मभर जपलेला. आता त्यांची पाठ गेली आणि दोर दोन मुलांकडे आला. उन्हाळा संपत आलेला, किनाऱ्याजवळचं पाणी नुसतं तापलेलं. जाळ्यात चिखल आणि जेलीफिश, बाकी काही नाही. मासा गारव्याला खोल गेला, म्हणून थोरल्यानं आदल्या दिवशी दोर पार बाहेरच्या खडकापाशी टाकला होता. आणि आता हवा फिरायला लागली होती. आज आणला नाही तर खडकावर घासून त्याचे तुकडे होणार, मग पुढचा हंगाम सगळ्या घरानं हात चोळत बसायचं.

तिसरा गडी हवा म्हणून बहिणीचा नवरा आला. इंजिनं दुरुस्त करणारा मिस्त्री. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं पोट दुखतंय की डोकं, ते सांगायचा. पण खोल पाण्यात पहिल्यांदाच.

"दाजी, एकच नियम," धक्क्यावरच थोरला म्हणाला. "होडीत ‘सोड’ म्हणायचं नाही. ‘दे’ म्हणायचं."

"का? ‘सोड’नं काय घोडं मारलंय?"

"वाऱ्यात त्यातला ‘स’ उडून जातो. उरतं ते ‘ओढ’ ऐकू येतं. आजोबांचा अंगठा असाच गेला."

"मग मला ‘द्या’ म्हणा. जावई माणूस आहे मी."

"होडीत जावई नसतो दाजी."

धाकटा खो खो हसला. दाजीही हसले आणि इंजिनाला दोरी मारली.

बाहेरचा खडक दिसत नाही, जाणवतो. हिरवं पाणी एकदम काळं होतं आणि लाटांची उंची बदलते. दोराच्या टोकाला बांधलेला पिवळा डबा सापडेपर्यंत सूर्य डोक्यावर आला होता, आणि पश्चिमेकडे आभाळाची कड शिशासारखी झाली होती. थोरला नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहून कप्पीवरून दोर खेचू लागला. त्याच्यामागे धाकटा आलेला दोर टोपलीत वेटोळं करून ठेवत होता. दोराचं डब्याकडचं टोक होडीच्या खुंट्याला बांधलेलं, डबा टोपलीशेजारी. दाजी सुकाणूवर. दोन तांब मासे आले, एक नुसतं डोकं आलं.

"कुणीतरी खालीच जेवून घेतंय," थोरला म्हणाला.

मग दोर जड झाला.

आधी वाटलं खडकात अडकला. पण खडक हलत नाही. हे हलत होतं! पाण्याखाली दाराच्या फळीएवढी पांढरी कूस वळली, आणि जे काही होतं ते सरळ खाली गेलं. दोर सुसाटला. एक वेढा उडाला आणि थोरल्याच्या बोटांवर बसला. त्याचा हात कप्पीपर्यंत खेचला गेला.

वारा नेमका तेव्हाच येऊन थडकला. दाजींनी मागून सगळं पाहिलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले.

"सोड! सोड!"

धाकट्याला ऐकू आलं ते ‘ओढ’.

त्यानं ओढला. पाय रोवले, पाठ मागे टाकली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. थोरला ओरडला नाही. त्याच्या तोंडातून नुसती हवा गेली. धाकट्यानं मान वर केली, भावाचा चेहरा पाहिला, आणि कळलं.

हात उघडले. दोर पळाला. टोपलीतलं वेटोळं सरसर सुटू लागलं, गळ कानाजवळून सूं सूं करत गेले. थोरला मागे कोसळला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जागेवर नव्हती.

दोर संपला, मागोमाग डबाही बाहेर उडाला आणि खुंट्याला हिसका बसला. नाळ खाली गेली. लाट आत आली. दुसरी आली.

दाजींनी सदरा काढून थोरल्याच्या हाताला करकचून बांधला. थोरल्याचे ओठ पांढरे पडले होते. तो खुंट्याकडे बघत होता.

"दे," तो म्हणाला.

"काय देऊ दादा? हातात काहीच नाही."

"दोर. सगळा."

"अरे, बाबांचा..."

"दे म्हणतो ना."

धाकट्यानं थोरल्याच्या कमरेचा सुरा उपसला. चिवट होता दोर. बाबांनी वळलेला. एक पीळ तुटला, दुसरा तुटला, तिसरा आपणहून गेला. नाळ उसळून वर आली. पिवळा डबा पाण्यावर उड्या मारत लांब गेला आणि बुडाला.

परतीला खाडीच्या तोंडाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटत होत्या. दाजींनी इंजिनावर झाकण दाबून धरलं, धाकट्यानं सुकाणू घेतलं. थोरला त्याच्या पायाशी आडवा पडून मागच्या लाटा बघत होता.

"थांब... थांब... ही जाऊ दे. आता चल."

होडी लाटेच्या पाठीवरून घसरत आत आली. एकदा बूड वाळूला खरवडलं. मग पाणी शांत झालं, आणि इंजिनाचा आवाज फार मोठा वाटू लागला.

धक्क्यावर माणसं जमली. थोरल्याला गाडीत घातलं, बहीण त्याच्याबरोबर गेली. बाबा काठीवर भार टाकून उभेच.

"दोर?"

"दिला," धाकटा म्हणाला.

बाबांनी मान हलवली. दाजी खाली बघत होते. "माझ्या तोंडून ‘सोड’ गेलं, बाबा. मला सांगितलं होतं, तरी गेलं."

"आणि मी ओढला," धाकटा म्हणाला.

बाबांनी हात पुढे केला. धाकट्यानं उतरताना उचललेली रिकामी टोपली अजून छातीशी धरली होती.

"दे," ते म्हणाले.

धाकट्याचे दोन्ही हात आपोआप उघडले. टोपली खाली पडली, घरंगळत कडेला गेली आणि पाण्यात पडली. तिच्यामागे कुणीच गेलं नाही.