चुलींच्या माळावरचा पाक

तो मेपलचा पाक माझ्याकडे सरकवू नकोस, ब्राइस. पॅनकेक मी कोरडाच खातो.

"का म्हातारबा, डॉक्टरांनी साखर तोडली?"

हस बाबा. उद्या सकाळी अख्खं गाव या फायर स्टेशनात न्याहारीला येईल, तेव्हा हे सांगता येणार नाही. पीठ ढवळता ढवळता ऐक. कायला, तूही ऐक.

रॉस्को टिंकर माझा शाळेपासूनचा दोस्त. लायनस त्याचा थोरला भाऊ. क्रांतीच्या वेळी इंग्रजांविरुद्ध आपल्या अमेरिकेच्या मदतीला आलेल्या फ्रेंच फौजेचा तळ ज्या माळावर पडला होता, तिथे त्यांच्या चुलींचे दगड अजून रांगेत होते. तापाने गेलेले काही शिपाई तिथंच, त्यांच्या पांढऱ्या डगल्यांसकट पुरलेले. लायनस आपला लाल चौकड्यांचा सदरा घालून दरसाल तिथली झुडपं तोडायचा. का, विचारलं की म्हणायचा, "आपल्यासाठी आले होते ना? मग त्यांची जागा साफ नको?"

पुढे तो माळ विकायला निघाला. एका बिल्डरला तिथे घरं बांधायची होती. माळ गावानेच घ्यावा, असा ठराव लायनसने गावसभेत आणला. आमच्याकडे हात वर करून मतं देतात. रॉस्को त्याच्या शेजारीच बसला होता, आदल्या दिवशी भावाला शब्द देऊन आलेला. हात वर करायची वेळ आली आणि याचा हात मांडीवरच राहिला. खोदकामाचं कंत्राट बिल्डरने याला कबूल केलं होतं. ठराव एका मताने पडला. लायनसने त्याच्याकडे एकदा पाहिलं, टोपी उचलली आणि निघून गेला. नंतर कधी बोलला नाही. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला त्याचा. माझा दोस्त असला तरी दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

तीन वर्षांपूर्वीचा मार्चचा पहिला शनिवार. खोदकाम बर्फ वितळल्यावर सुरू व्हायचं होतं. अंधार पडल्यावर रॉस्को माळाच्या कडेच्या मेपल झाडांना टांगलेल्या बादल्यांतला रस आणायला गेला. रात्री गोठायच्या आत काढावा लागतो. आधी दोघं मिळून जायचे आणि रस आटवून त्याचा पाक लायनस करायचा. आता हा एकटा. एक बादली भरून निघाला, तर माळावर जाळ दिसले. ओळीने.

पोरं बिअर प्यायला बसली असतील म्हणून तो जवळ गेला. माणसं पाठमोरी बसली होती. पांढरे डगले घालून.

"ए, चला उठा. जागा विकली गेलीय."

कोणी वळलं नाही. लाकूड तडतडत नव्हतं. धूर नव्हता.

"ऐकू येत नाही का रे? विकलीय म्हटलं..."

एकाने हात वर केला. मग शेजारच्याने. मग पलीकडच्या... एकेक करत... गावसभेत करतात तसे.

शेवटच्या चुलीपाशी एक बाही पांढरी नव्हती. लाल चौकड्यांची होती.

"लायनस...?"

तोही वळला नाही. हात मात्र वर होता.

रॉस्को बादली टाकून पळत सुटला. घरात शिरला तर फोन वाजत होता. लायनसने दिवेलागणीलाच प्राण सोडला होता. पाक आटवायच्या खोपटात, न पेटवलेल्या चुलीपाशी.

"मग?" कायला, तुझी पळी थांबली. ढवळ.

मग काय. सकाळी आम्ही दोघं माळावर गेलो. बर्फावर फक्त रॉस्कोच्या बुटांचे ठसे. राख नाही, कोळसा नाही. टाकलेली बादली मात्र शेवटच्या चुलीच्या दगडांवर नीट ठेवलेली. आत रस नव्हता. तळाशी बोटभर पाक होता, काळसर, लायनस आटवायचा अगदी तसाच. बादली अजून कोमट होती.

रॉस्कोने बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवून चाटलं.

"वेल्डन, तू बघ रे. माझ्याच जिभेला काही झालंय का..."

मी चाखला. त्यानंतर पॅनकेकवर कधी पाक घेतला नाही.

करपला नव्हता. आंबला नव्हता.

गोड नव्हता.