शून्य वजनाची मांजर

गेल्या वर्षी वारलेल्या मांजरीला जंताचं औषध द्यायची वेळ झाली, असा निरोप मालकिणीच्या मोबाईलवर आला. ती तडक दवाखान्यात येऊन रडली. पाठोपाठ आणखी फोन आले. सगळीकडे तीच कथा: प्राणी गेलेला, निरोप आलेला.

डॉक्टरीणबाईंनी खासगी तपास करणाऱ्या बाईंना बोलावलं. गाडी चालवायला सोबत त्यांचे जावई होते. सासूबाईंपुढे आपली अक्कल नेहमी गाडी सुटल्यावर स्टेशनात पोचते, हे जावयांना ठाऊक होतं.

“नवं सॉफ्टवेअर बसवलं आणि हे सुरू झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काउंटरवरच्या मुलीला ते नकोच होतं. तिच्या बाळंतपणाच्या रजेत जे प्राणी गेले, त्यांच्या घरी एकही निरोप नाही. सगळे तिच्या हातच्या नोंदींचे. आज संध्याकाळी तिचा हिशेब करून टाकते.”

सॉफ्टवेअरवाला आधीच वैतागलेला होता. जुनी माहिती त्याने जशीच्या तशी उचलली होती. ‘मृत’ बटण दाबलेलं असेल तर निरोप जात नाही, बाकी सगळ्यांना तारखेवर जातो. जुन्या सॉफ्टवेअरच्या निरोपात म्हणे औषधाचा डोसही असायचा, वजनावरून काढलेला. लोक तो चुकीचा मोजत, म्हणून नव्यात तो काढून टाकला.

रजेत काम केलेल्या बदली मुलीने ते बटण न चुकता दाबलं होतं. जुन्यात ते दाबलं की नावावर लाल फुली पडायची. समोर उभ्या एका आजोबांनी ती पाहून तोंड फिरवलं, ते तिला अजून आठवत होतं.

काउंटरवरची मुलगी एवढंच म्हणाली, “मी कुणाला निरोप पाठवले नाहीत.” मग मान खाली.

जावई काउंटरला टेकून उभे होते. स्क्रीन गिऱ्हाइकांकडे वळवलेला, नाव-पत्ता त्यांनीच तपासावा म्हणून.

“मांजर, वजन शून्य,” त्यांनी वाचलं. “डाएट फारच कडक दिसतंय.”

सासूबाई हसल्या नाहीत. “जावईबापू, लग्नानंतर इतकं कामाचं पहिल्यांदाच बोललात.”

त्यांनी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं.

“जिवंत प्राण्यांच्या घरीही निरोप गेलेच. पण योग्य निरोपाची तक्रार कोण करणार? म्हणजे कुणी मेलेले निवडून काढले नाहीत. नव्या सॉफ्टवेअरला ते जिवंतच वाटले. कारण या मुलीने ‘मृत’ कधी दाबलंच नाही.” सासूबाई मुलीकडे वळल्या. “माणूस समोर डोळे पुसत उभा, आणि त्याच्या लाडक्याच्या नावावर लाल फुली. तुला बघवेना. म्हणून तू वजन शून्य केलंस. वजन नाही तर डोस नाही, डोस नाही तर जुन्यात निरोप नाही. नव्याला वजनाशी देणंघेणंच नाही.”

मुलगी पुटपुटली, “शून्य म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं असं वाटलं मला.”

सॉफ्टवेअरवाल्याने शून्य वजनाच्या नोंदी शोधायला घेतल्या.

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन धरून आतल्या बाजूला वळवला आणि मुलीकडे पाहिलं.

“सगळ्यांच्या घरी फोन कर. माझ्या नावाने माफी माग. आणि उद्या बाळाला घेऊन ये. या काउंटरवर एक चांगलं वजन लिहू दे.”