सातव्या खोक्यातला आवाज

सातव्या खोक्यात टेप नव्हती.

वरदानं झाकण पुन्हा वाचलं: 'समर, घरी, १९९७'. दहा वाजता तिनं ती टेप स्वतः पाहिली होती. आता बारा वाजले होते.

'ग्लॉ मॉर' या वेल्श रॉक बँडची जुनी रेकॉर्डिंगं कॉम्प्युटरवर उतरवायला ती लंडनजवळच्या पिनरहून वेल्सच्या डोंगरातल्या या स्टुडिओत आली होती. वारलेल्या निर्मात्याच्या माळ्यावर बारा टेप सापडल्या होत्या. सातवी बँडमधल्या बाकीच्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

चोर घरातच होता. पूल दोन दिवस पाण्याखाली होता, नदी कुंपणाला टेकली होती. आत तिच्याखेरीज तिघं: गायक ग्रिफ, ड्रमर मेरेरिड आणि गिटारवादक समर, खाणीच्या गावात नोकरीला आलेल्या मराठी डॉक्टरबाईंचा मुलगा.

चौघांनी घर पालथं घातलं. पलंगाखाली, ड्रमच्या पोटात, लाकडाच्या ढिगात. काही नाही. मेरेरिडचा संशय ग्रिफवर. जुनं सगळं पुरून टाका, असं तो मुलाखतींत सांगत आला होता. मला नको असती तर दाराबाहेर नदी आहे, ग्रिफ तुसडेपणानं म्हणाला.

ते वाक्य वरदाच्या मनात रुतलं. खरंच, नदीत का नाही टाकली?

तिनं एकेकाला विचारलं. अकरा ते साडेअकरा ग्रिफ आणि मेरेरिड तिच्याच शेजारी स्वयंपाकघरातल्या फोनवर होते, कौन्सिलकडे बोट मागत. समर वर गिटारच्या तारा बदलत होता, असं तो म्हणाला.

एकच जागा कुणी पाहिली नव्हती. जुन्या टेपा चिकट होतात. वाजवण्याआधी त्या आठ तास मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवाव्या लागतात. सकाळी पाच टेपा रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या ओव्हनमध्ये ठेवून तिनं सगळ्यांना बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही. तिनं ओव्हनच्या तापमानाचा आलेख पाहिला. अकरा वाजून दहा मिनिटांनी तापमान चार अंशांनी घसरलं होतं.

तिनं क्षणभर दार उघडलं. आत सहा टेपा होत्या.

ती कुणालाही काही बोलली नाही. दुपारभर ओव्हनपुढून हलली नाही. समर दोनदा दारापर्यंत येऊन परत गेला.

सात वाजून गेल्यावर तिनं तिघांना बोलावलं.

"ओव्हनचं दार उघडलं गेलं तेव्हा हे दोघं माझ्याजवळ होते," ती समरला म्हणाली. "आणि ज्यानं लपवली त्याला टेप नको नव्हती. जपायची होती. फक्त ती मी ऐकायला नको होती. पहिल्या दिवशी माझं नाव कळताच तुम्ही एकच विचारलंत, मराठी येतं का म्हणून."

तिनं टेप लावली.

भांड्यांचा आवाज. मग एका बाईचा, सावकाश: "समर, चाल मोडू नकोस. मी केलेली आहे, तशीच वाजव." आणि ती गाऊ लागली. धुक्याची, बंद खिडकीची, क्वार्टरच्या चार भिंतींत मोजलेल्या हिवाळ्यांची गोष्ट.

ग्रिफचा चेहरा उतरला. ज्या गाण्यानं बँडला नाव दिलं, समरचं म्हणून जे जगभर वाजलं, त्याचीच ही चाल होती.

"निर्मात्याला मराठी कळत नव्हतं," समर अखेर बोलला. "त्याला वाटलं, आई माझं गाणं म्हणते. मी हो म्हटलं. मग सव्वीस वर्षं त्या खोट्यातून बाहेर पडताच आलं नाही. काल नदीपर्यंत नेली होती टेप. पण आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

मेरेरिडनं शब्दांचा अर्थ विचारला, आणि समर ओळीओळीनं इंग्रजीत सांगत गेला, अडखळत.

तो थांबल्यावर वरदानं नोंदीचा कागद पुढे ओढला. संगीतकार, हा रकाना रिकामा होता.

"पूर्ण नाव सांगा त्यांचं."

"डॉक्टर अनुया," तो म्हणाला, आणि आडनावाचं एकेक अक्षर सांगू लागला.