डावीकडचा बाण

पटलं नाही तरी चालेल, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या मावसभावाच्या बाबतीत गेल्या वर्षी, भर दुपारी, एका बेटावरच्या राखीव जंगलात हे घडलं.

आणि ते अजून संपलेलं नाही...

घरात त्याला सगळे लवंगी म्हणतात. लहानपणापासून राग नाकाच्या शेंड्यावर. त्या जंगलात तो वाटा आखायचं काम करतो. फिरायला आलेले लोक चुकू नयेत म्हणून झाडांवर, खडकांवर पिवळे बाण रंगवायचे. फाटकापासून समुद्राच्या कड्यापर्यंत आणि परत. नोकरी कंत्राटी होती. साहेबांनी मनावर घेतलं तर कायम होणार होती.

नेमका तेव्हाच एक बाण नडला.

कड्याजवळ वाटेला फाटा फुटतो. उजवीकडची वाट फाटकाकडे जाते. डावीकडे नुसता उतार आणि खाली खोल पाणी. फाट्यावरच्या जाड खोडावर लवंगीने उजवीकडे बाण काढला होता.

सकाळी बघतो तर... डावीकडे.

तोच पिवळा रंग. तसाच जाड फटकारा. लवंगी जाम वैतागला. खरवडून पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी...

पुन्हा डावीकडे.

लोकांच्या तक्रारी आल्या. साहेबांनी बोलावून घेतलं.

"अरे, डावं-उजवं कळतं ना तुला?"

"साहेब, कुणीतरी मुद्दाम करतंय! माझ्या पोटावर पाय देतंय!"

"मग पकडून दाखव. नाहीतर कुठल्या तोंडाने सांगू वर, की याला कायम करा?"

लवंगीने बाण पुन्हा उजवीकडे काढला आणि जेवणाचा डबा घेऊन फाट्यावरच ठाण मांडून बसला. पाखरांचा कलकलाट चालू होता. खालून लाटा ऐकू येत होत्या.

मग पाखरं गप्प झाली.

लाटाही.

आणि खोडामागून आवाज आला... सर्र... सर्र... ओल्या ब्रशचा.

तो धावत मागे गेला. कुणी नाही. पुढे आला.

बाण डावीकडे. रंग अजून ओघळत होता. आणि खालच्या उतारावर, जिथे त्याने जन्मात ब्रश लावला नव्हता, तिथे प्रत्येक झाडावर एकेक बाण होता... पाण्याकडे.

दुसऱ्या कुणाची बोबडी वळली असती. लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने अख्ख्या जंगलाला ऐकू जातील अशा शिव्या घातल्या आणि तडक जाऊन साहेबांना घेऊन आला.

साहेब शांत माणूस. बाणांकडे बघून हसले. "थांब इथे, बघून येतो," म्हणत खाली उतरले. लवंगी वरच धुमसत बसला. बघा म्हणावं तुम्हीच, मी आता तोंडातून शब्द काढणार नाही.

बऱ्याच वेळाने साहेब वर आले, ते गळ्यापर्यंत भिजून.

"बरं झालं हाक मारलीस," ते म्हणाले. "त्या बाणांमागून चालताना ना... फार बरं वाटतं रे. कसली काळजीच उरत नाही. पाणी गळ्याला लागलं तरी कळलं नाही. तुझ्या हाकेने भानावर आलो."

लवंगीने हाक मारलीच नव्हती.

साहेबांनी त्याला कायम करून टाकलं आणि स्वतः बदली मागून निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "तू चिडलेला होतास म्हणून वर राहिलास. असाच राहा."

तेव्हापासून लवंगी रोज तो बाण पुसतो आणि उजवीकडे काढतो. आणि मावशी रोज त्याला फोन करून मुद्दाम भांडण उकरून काढते. लग्नावरून, जेवणावरून, कशावरूनही. पलीकडून तो खेकसला की तिचा जीव भांड्यात पडतो.

काल तिने घाबऱ्याघुबऱ्या माझ्या हातात फोन दिला. मी त्याला नको नको ते बोलले. अगदी टकलावरही घसरले.

तो... हसला.

"जाऊ दे गं," म्हणाला. "आज बाण पुसायचा कंटाळा आलाय. किती बरं वाटतंय इथे."

नंतर रिंग जात राहिली. उचलला नाही.

आज नवे साहेब माणसं घेऊन त्याला शोधायला निघालेत. मावशीने त्यांना हात जोडून एकच सांगितलंय... लवंगी दिसला की जवळ जाऊ नका, आधी लांबूनच त्याला शिव्या घाला.