दार न वाजवणारा हेर

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्या बाबांच्या कादंबरीचे तुकडे करत होता.

तेही झेरॉक्सच्या दुकानात, काउंटरवर, सगळ्यांसमोर! पुस्तक मधोमध उसवलेलं आणि लाल पेन्सिल पानापानावर फुल्या मारत चाललेली. मला राहवलं नाही.

"अहो, कसाई आहात का?"

त्याने मान वर केली. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली... पण हसू मात्र धडधाकट.

"पटकथालेखक. फारसा फरक नाही म्हणा. या हेराचा सिनेमा करायचाय, आणि साडेतीनशे पानं काही पडद्यावर मावत नाहीत."

"लोकांना पुस्तक आवडलंय ना? मग तसंच दाखवा की!"

"तसंच हवं असेल तर लोक घरी बसून वाचतील." त्याने आणखी एक फुली मारली. "फक्त शेवटच्या प्रकरणाला हात लावणार नाही. ते कुणीतरी वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखं वाटतं."

झेरॉक्स तिथेच टाकून मी घर गाठलं. कडी लावली, ओढून पाहिली. पुन्हा ओढली... आणि पुन्हा.

कारण तो वेगळा माणूस मीच होते.

तीन वर्षांपूर्वी, एकच प्रकरण उरलेलं असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, दोन महिने कशाचा कशाला मेळ नव्हता. त्यांची हस्तलिखितं मीच टाइप करायचे, त्यामुळे त्यांचा हेर मला घरच्या माणसासारखा ठाऊक होता. चार दिवसांत मी शेवट लिहिला आणि बाबा सावरल्यावर सांगून टाकलं, "औषधांच्या गुंगीत तुम्हीच सांगितलंत, मी फक्त उतरवून घेतलं." त्यांनी विश्वास ठेवला. "हात गेला, पण डोकं शाबूत आहे!" हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. त्या एका वाक्याच्या आधाराने ते पुन्हा उठून बसले होते. ते वाक्य काढून घ्यायची माझी छाती नव्हती.

सोमवारी बेल वाजली. दारात तोच. मनातल्या मनात मी त्याचं नाव 'कात्री' ठेवलं होतं.

बाबांची अट होती, की प्रत्येक प्रसंग त्यांना वाचून दाखवायचा आणि त्यांनी डाव्या हाताने सही केल्याशिवाय तो पक्का धरायचा नाही. म्हणजे कात्री रोज दुपारी येणार! आणि यायचाच. बाबा एकेका स्वल्पविरामासाठी त्याच्या अंगावर धावून जायचे, तो हसत हसत दहा पानं उडवायचा. मी दाराआड उभी राहून श्वास मोजायचे. तो येईपर्यंत घड्याळ पाहायचं आणि आला की भीतीने गार पडायचं, असं माझं चाललं होतं.

"ही कडी कुठे पळून जाणार आहे का?" एकदा त्याने स्वयंपाकघरात चहाचा कप घेताना विचारलं.

"का?"

"मी आत आलो की तुम्ही तीनदा ओढून पाहता, म्हणून म्हटलं." त्याचा आवाज खाली आला. "शेवटच्या प्रकरणातला हेरही पाहतो. आधीच्या तेवीस प्रकरणांत मात्र एकदाही नाही."

मी घाईघाईने बशी पुढे केली. त्याने ती हलकेच धरली, बोटं माझ्या बोटांवरच राहिली...

"बाबांना... सांगणार?"

"मी हेरांवर लिहितो. हेरगिरी करत नाही."

विश्वास ठेवावासा वाटत होता. पण भीती कुठे ऐकते?

शेवटच्या प्रकरणाचा दिवस आला. कात्रीने ते वाचलं, जसंच्या तसं. हेर प्रेयसीच्या दाराशी येतो, हात उचलतो... आणि दार न वाजवताच परत जातो.

"हे बदला," बाबा म्हणाले.

मी दाराआड हबकलेच.

"माझा हेर असा भेदरट? छे! गुंगीत काहीतरी बरळलो असेन मी. त्याला दार फोडून आत जाऊ दे."

"नाही बदलणार," कात्री म्हणाला.

"तुम्ही? निम्मं पुस्तक कापलंत!"

"कापलं. कारण त्यात नुसती पिस्तुलं होती. जिवंत माणूस या एकाच प्रकरणात आहे."

"मग सिनेमाच नको!"

"ठीक आहे, नको."

तो कागद गोळा करू लागला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. एक वाक्य बोलला असता तर तो जिंकला असता... पण ते वाक्य माझं होतं, आणि त्याने ते माझ्यासाठी ठेवलं.

मी पुढे आले.

"बाबा... तो शेवट तुमचा नाही. मी लिहिलाय."

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे डोकंही गेलं होतं माझं."

तीन वर्षं मी याच वाक्याला भीत होते. मला रडू फुटलं. "नाही हो बाबा! ती तेवीस प्रकरणं नसती तर मला एक ओळ सुचली नसती."

"तो दार का वाजवत नाही?"

"आतून 'कोण?' म्हणून विचारलं, तर काय सांगायचं ते त्याला ठाऊक नसतं. भीती वाटते त्याला... माझ्यासारखीच."

बाबांनी कागद ओढून घेतला. डाव्या हाताने, वेडीवाकडी सही केली.

"आधी सांगायला हवं होतंस," ते म्हणाले. "बरं लिहितेस. — आणि तुम्ही हो, पडद्यावर दोन नावं घाला. इथला स्वल्पविरामसुद्धा हलता कामा नये!"

कात्रीने मान डोलावली, पिशवी उचलली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेला. काम संपलं होतं. आता तो कशाला येणार? गुपित फुटण्याची भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून मोठी भीती येऊन बसली.

मी कडी लावली. एकदा ओढून पाहिली. दुसऱ्यांदा ओढली...

आणि दार वाजलं.

"कोण?"

बाहेर पिशवी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं..." त्याचा आवाज चक्क कापत होता. "जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, हात उचलला... पण न वाजवता जाणं जमेना. एवढा एक बदल चालेल?"

"आणि मी 'कोण?' विचारलं, त्याचं उत्तर?"

"तुमच्यावर जीव जडलेला माणूस. घाबरलेला."

मी तिसऱ्यांदा कडी ओढली... या वेळी उघडायला.